ओकबाईंची उजवी बाजू

वळायचे असले की ओकबाई हात दाखवत. भिवंडीत त्या काळी सायकलवर हात दाखवणारे दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नव्हते. आमच्याकडे वळणारा माणूस आधी वळत असे आणि मागच्याने त्याचे काय ते समजून घ्यायचे असे. बाई मात्र रस्त्यावर चिटपाखरू नसले तरी हात पूर्ण लांब करून, तळवा पुढे ठेवून, वळणाच्या बऱ्याच आधीपासून सूचना देत. शाळेतली मुले म्हणत की बाई स्टाफरूममधून नववी अ कडे वळतानाही हात दाखवतात. मधल्या सुट्टीत एखादा वात्रट मुलगा छाती पुढे काढून, हात आडवा धरून व्हरांड्यातून चालू लागला की बाकीची रांग त्याच्या मागे हात आडवे धरून निघे. एकदा बाईंनी ती मिरवणूक पाहिली. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कोपर वाकतंय. सरळ ठेव. मागच्याला अर्धवट हात दिसला तर तो अर्धवटच थांबेल."

विमल ओक आमच्या शाळेत भूगोल शिकवत. वर्ण काळासावळा, बांधा लहानखुरा, पदर खांद्यावर पिनेने घट्ट बसवलेला. सायकल काळी, लेडीज, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवलेली. यजमान फार लवकर गेले होते. मुलगा सुधीर डोंबिवलीला नोकरी करत होता. बाई एका जुन्या आळीतल्या घरात एकट्या राहत आणि सकाळी यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, शेडांमधून वाट काढत शाळेत येत. शिफ्ट सुटायची तीच वेळ. रात्रपाळीचे कामगार अंगावरचा कापूस झटकत रस्ताभर पसरलेले असत. पण बाईंचा हात दिसला की कोणीतरी ओरडे, "अरे हटो, बाई आ रही हैं," आणि गर्दी मधोमध उघडे. बाई त्यांना मान लववून पुढे जात. त्यांनी घंटी वाजवलेली मी क्वचितच ऐकली. घंटी म्हणजे दुसऱ्याला बाजूला हो म्हणणे आणि हात म्हणजे आपण काय करणार ते सांगणे, असा भेद त्या करत.

माझी त्यांची पहिली भेट याच प्रकारावरून झाली. मी अंजूरचा. आमचे घर खाडीलगतचे, भातशेतीचे. घराण्यात शिक्षकी पेशात आलेला पहिला मीच. नव्वदच्या आसपास त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. पहिल्याच आठवड्यात अंजूरफाट्यावरून येताना उशीर झाला म्हणून पुढच्या एका सायकलला वळसा घालून मी सुसाट पुढे गेलो. स्टाफरूममध्ये टेकतो न टेकतो तोच ती सायकलवाली समोर उभी.

"तुम्ही नवे भोईर ना?"

"हो."

"मघाशी तुम्ही मला ओलांडून गेलात. मी हात दिला नव्हता."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी स्टाफरूमच्या मधोमध उभे राहून उजवा हात खाली सोडला आणि मागून पुढे असा अर्धवर्तुळात हलवला. "हे केलं की मागच्याने पुढे जायचं. याचा अर्थ, मी तुम्हाला पाहिलं आहे, रस्ता मोकळा आहे, खुशाल जा. हे न करता गेलात, तर मला तुम्ही ठाऊकच नसता."

कोपऱ्यातून चित्रकलेचे मोमीनसर म्हणाले, "भोईर, माफी मागून टाका. मी मागितली होती. त्यानंतर त्यांनी मला समुद्रावर नेलं."

"आणि तुम्ही वर्षभर पाय दुखतात म्हणून सांगत होतात," बाई म्हणाल्या.

समुद्रावर नेणे ही अतिशयोक्ती नव्हती. नाताळच्या सुट्टीत एक दिवस बाई सायकलने वसईच्या किनाऱ्यावर जात, आणि हे त्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून करत आल्या होत्या. आधी आणखी काही शिक्षक असत, मग ते गळत गेले. मोमीनसर तेवढे टिकले. त्या वर्षीपासून मी तिसरा झालो.

पहाटे अंजूरफाट्यावर जमायचे. तिथून खारबाव, मग कामण, चिंचोटीला हायवे ओलांडायचा आणि वसईत शिरायचे. भिवंडी मागे पडली की लूमचा खटखटाट हळूहळू विरत जाई. कितीतरी वेळ तो गेला आहे हेच कळत नसे, मग एकदम सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येई. डाव्या अंगाला मधूनच खाडी दिसे, ओहोटीने उघडी पडलेली, चिखलात पाय रोवून बगळे उभे. पुढे मिठागरांचे पांढरे चौकोन. बाई एकीकडे पायडल मारत आणि एकीकडे शिकवत. "भोईर, तुमच्या घरामागचं पाणी हेच. आपल्या आधी निघतं आणि आपल्या आधी पोचतं." भिवंडीबद्दल त्यांचे एक वाक्य ठरलेले असे: "आपलं गाव समुद्रकाठचंच आहे, फक्त त्याला आठवण राहिलेली नाही."

या सहलीचा एकच नियम होता. सगळ्यांत हळू चालवणाऱ्याने सगळ्यांत पुढे राहायचे आणि त्याने हात दिल्याशिवाय कोणी त्याला ओलांडायचे नाही. पहिली काही वर्षे तो मान मोमीनसरांचा होता. ते देहाने भरदार होते आणि दर पुलावर उतरत.

"बाई, जरा बसू की. समुद्र कुठे पळून जाणार आहे का?"

"पळतो, मोमीनसर. रोज दोनदा पळतो. तो परत यायच्या आत पोचायचं आहे."

हे खरे होते. बाईंना समुद्र ओहोटीचा हवा असे, आणि तो दिवस माझी आई ठरवत असे. खाडीकाठच्या बायका तिथीवरून भरती-ओहोटी सांगतात. आई बोटांची पेरे मोजून म्हणे, "बाईला सांग, या दिवशीं जा, पोचाल तवा पानी उतरलेलं असल. भरतीला जाल तं रेतीन चाक रुतंल." आणि मग माझ्याकडे वळून, "आन् त्या बाईचं काय रं, इतकं वय झालं तरी सायकल न्हाय सोरत?" बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या. "आईंना सांगा, सायकल मला न्हाय सोरत." पुढे कित्येक वर्षे आईने हे उत्तर शेजारणींना ऐकवले.

वसईच्या वाड्यांमधून जाणारा शेवटचा रस्ता मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. दोन्हीकडे केळी, पानवेलींचे मांडव, विहिरी, प्रत्येक दारावर कागदी चांदणी टांगलेली. मग घरे विरळ होत, जमीन पांढरट होई आणि सुरूचे बन लागे. त्या बनाच्या कडेने एक पायवाटेपेक्षा जरा रुंद रस्ता किनाऱ्याला समांतर जात असे. खाली सुरूच्या काड्यांचा थर, त्यामुळे चाकांचा आवाज नाही. वर वाऱ्याचा एकसारखा सूं सूं. समुद्र ऐकू येई पण दिसत नसे. आणि मग एका ठिकाणी झाडे संपून मोठी फट पडे आणि तो सगळाच्या सगळा समोर येई. पहिल्या वर्षी तिथून मी भरकन निघालो होतो, तर बाईंनी मागून हाक मारली. "भोईर, थांबा. इथून पाहायचं असतं. किनाऱ्यावर गेल्यावर नुसतं पाणी दिसतं."

किनाऱ्यावर मोमीनसर चपला उशाला घेऊन आडवे होत. बाई पाण्यात पाय बुडवत नसत. ओहोटीने कडक झालेल्या ओल्या वाळूवर त्या सायकल चढवत आणि पाण्याच्या अगदी काठाने, दूरच्या काळ्या खडकांपर्यंत एकट्या जाऊन येत. त्या वेळी बरोबर कोणी आलेले त्यांना चालत नसे. लहान लहान होत गेलेली ती आकृती खडकांपाशी पोचली की उजवा हात आडवा करी, मग वळे. त्या मोकळ्या किनाऱ्यावर तो हात कोणासाठी होता, असे मी एकदा विचारले. बाई म्हणाल्या, "सवय माणूस पाहून मोडायला लागली की मग ती सवय नव्हे."

परतताना एका वाडीतल्या विहिरीवर त्या सायकल गोड्या पाण्याने धुवून काढत. खाऱ्या वाऱ्याने साखळी जाते. आपण मात्र तशाच, केसांत मीठ घेऊन भिवंडीला येत.

मोमीनसर निवृत्त झाले त्या साली ते आले नाहीत. आम्ही दोघेच निघालो. आता हळू चालवणाऱ्या बाईच होत्या, म्हणून त्या पुढे आणि मी मागे. कामणजवळ कापडाचे तागे भरलेला एक टेम्पो उजवीकडच्या कच्च्या रस्त्यावरून वर आला. चांगला दुरून दिसत होता. बाईंनी वेग कमी केला नाही. मी ओरडलो. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि बाई अगदी त्याच्या नाकापुढून निघून गेल्या. ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून म्हणाला, "माताजी, घर पर सब ठीक तो है ना?"

बाईंनी सायकल कडेला घेतली. मग म्हणाल्या, "काचबिंदू आहे. मधलं सगळं स्वच्छ दिसतं. वाचता येतं, फळा दिसतो, तुम्ही दिसता. कडा गेल्या आहेत. पुढेही जात राहणार, असं डॉक्टर म्हणतात."

"मग बाई, सायकल..."

"डावीकडे कुंपण असतं, ते हलत नाही. त्याचं माझं जमतं. उजवीकडे जग असतं. भोईर, मला अजून दोनतीन नाताळ हवे आहेत. खडकांपर्यंत जाऊन यायचं, एवढंच. तुम्ही माझ्या उजव्या हाताला, अर्धं चाक मागे राहाल? काही आलं तर नुसतं सांगायचं. बाकीचं मी पाहीन. आणि हे सुधीरला कळू द्यायचं नाही. तो वाईट नाही. पण तो मला घरात बसवेल, आणि ते प्रेमानेच करेल, म्हणून मला भांडताही येणार नाही."

मी कबूल केले. त्या दिवशी किनाऱ्यापर्यंत मी त्यांच्या उजव्या हाताला राहिलो. "बैलगाडी." "माणूस, चालतोय." "काही नाही, मोकळं आहे." बाई मान न वळवता "हं" म्हणत. त्यांच्या सायकलचा आणि माझ्या सायकलचा आवाज त्यांना वेगवेगळा ओळखू येई. माझ्या मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला एक खोट होती. पायडल थांबवले की तीनदा टिकटिक होऊन मध्येच एक ठोका चुकायचा. "तुमचा ठोका चुकला की मला बरं वाटतं," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आहात."

पुढच्या नाताळात आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी मी जरा कातावलेला होतो. नुकते लग्न झाले होते, पत्नीलाही समुद्र पाहायचा होता, आणि मी तिला काही कारण न सांगता नाही म्हटले होते. बाईंचा वेग आणखी मंदावला होता. मी संपूर्ण रस्ताभर "गाय", "मुलं", "मोकळं" असे सांगत आलो होतो आणि माझ्या आवाजात कंटाळा उतरला असेल. तो त्यांना ऐकू गेला नसेल, असे मला वाटत नाही.

सुरूच्या बनात रस्ता निर्मनुष्य होता. ती फट आली. समुद्र दिसला, आणि मी थांबलो. इथून पाहायचे असते हे बाईंनीच शिकवले होते. एक पाय जमिनीवर टेकून मी उभा राहिलो. पाणी फार दूर गेले होते, ओली वाळू आभाळासारखी चमकत होती. मी बाईंना थांबतो म्हणून सांगितले नाही. मऊ काड्यांवर चाकांचा आवाज होत नव्हता आणि फ्रीव्हीलची टिकटिक वाऱ्यात विरून गेली होती. मी नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आपल्या उजवीकडे माणूस आहे या भरवशावर त्या पुढे जात राहिल्या.

किंकाळी ऐकून मी वळलो. उजवीकडच्या झोपडीतून एक लहान मुलगी कोंबडीमागे धावत रस्त्यावर आली होती. बाई आडव्या पडल्या होत्या, सायकलचे पुढचे चाक फिरत होते. मुलीच्या गुडघ्याचे सालपट निघाले होते, बाकी काही नाही. पण ती जीव खाऊन रडत होती. तिची आई धावत आली.

"दिसत नाय का तुम्हाला? एवढी पोर समोर आली ती दिसत नाय?"

बाई मनगट धरून उठून बसल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

ही कबुली त्यांनी एका अनोळखी बाईला, भर रस्त्यात, इतक्या साध्या सुरात दिली की त्या माउलीचा रागच उतरला. मग तिनेच दोघींच्या जखमा धुतल्या, बाईंच्या मनगटाला ओले फडके बांधले, चहा केला आणि नाताळचे तळलेले गोड फुगे खायला दिले. बाईंनी त्या मुलीला मांडीवर घेऊन तिच्या कोंबडीचे नाव विचारले. मला त्यांनी काहीही विचारले नाही. "तुम्ही कुठे होता?" या तीन शब्दांची मी त्या झोपडीच्या अंगणात वाट पाहत उभा होतो. त्या दिवशी आम्ही खडकांपर्यंत गेलो नाही. दोन्ही सायकली टेम्पोत टाकून परतलो. उतरताना बाई एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आईंना जरा लवकर तिथी काढायला सांगा."

त्या आठवड्यात मी डोंबिवलीला सुधीरकडे गेलो.

मी हे स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिले आहे. मुलीला आणखी काही झाले असते तर? टेम्पोने ब्रेक मारला नसता तर? सुधीरला सांगणे हे कर्तव्यच होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आज, अठ्ठावन्न वर्षांचा झाल्यावर, माझ्या स्वतःच्या आईला सांभाळताना तर अधिकच वाटते. पण मी सुधीरला जे सांगितले ते असे: बाईंना काचबिंदू आहे, बाजूचे दिसत नाही, रस्त्यात आलेली मुलगी त्यांना दिसली नाही. हे सगळे खरे होते. माझी जागा त्यांच्या उजव्या हाताला होती, ती मी न सांगता सोडली होती, हेही खरे होते. ते मी गाळले. माझ्या चुकीचा भार मी त्यांच्या डोळ्यांवर टाकला, आणि ते डोळे आधीच दोषी ठरायला तयार होते.

सुधीरचे डोळे भरून आले. "भोईर, तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. आई आम्हाला कधीच बोलली नसती." त्याने माझा हात हातात घेतला. मी तो काढून घेतला नाही.

पुढच्या रविवारी सायकल गेली. सुधीरने ती कोणाला दिली ते बाईंनी विचारले नाही, मीही नाही. सोमवारी त्या रिक्षातून शाळेत आल्या. स्टाफरूममध्ये पर्स ठेवताना म्हणाल्या, "सुधीर येऊन गेला. तुमची फार स्तुती करत होता." त्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण सापडला नाही.

रिक्षातही त्यांची सवय गेली नाही. वळण आले की उजवा हात बाहेर. रिक्षावाला आरशात बघून वैतागे, "बाई, हात अंदर लो, कट जाएगा." बाई हात आत घेत आणि पुढच्या वळणाला पुन्हा काढत. शेवटी त्याने नाद सोडला. मोमीनसर एकदा भेटले तेव्हा मी त्यांना हे गंमत म्हणून सांगायला गेलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "यार, तुम्ही एकदा त्यांना खडकांपर्यंत घेऊन जायचं होतं. चालत. हात धरून." मी म्हटले, हो, जाऊ या. त्या नाताळात जमले नाही. त्याच्या पुढच्या नाताळात मी पत्नीला घेऊन त्याच किनाऱ्यावर गेलो, बसने, आणि बाईंना कळवले नाही.

बाई निवृत्त झाल्या. मी मुख्याध्यापकांचा सहायक झालो, वेळ मिळेना. हे कारण त्या काळी मला पुरत असे. त्यांच्या आळीवरून जाणे मी टाळत होतो असे नाही. पण दुसरा रस्ता होता आणि मी तो घेत असे.

बाईंना शेवटचे पाहिले ते नव्वदचे दशक संपता संपता. तो दुसरा रस्ता गटारासाठी खणून ठेवला होता, म्हणून शाळा सुटल्यावर मला आळीतून यावे लागले. संध्याकाळचे ऊन घरांच्या पायऱ्यांवर होते. पुढे बाई चालत होत्या. हातात पांढरी काठी, डाव्या बाजूच्या भिंतीला धरून, संथ. बरोबर कोणी नव्हते. भिंत हलत नव्हती. त्यांचे तिच्याशी जमले होते.

मी पायडल थांबवले. हाक मारायची होती. "बाई, मी भोईर," एवढेच म्हणायचे होते, आणि मग त्यांच्या उजव्या हाताला, अर्धे पाऊल मागे राहून, घरापर्यंत जायचे होते. बाकीचे वाटेत सांगता आले असते. मी शब्द जुळवत राहिलो. सायकल त्यांच्यामागे आपोआप चालत राहिली. फ्रीव्हील टिकटिकले, तीनदा, आणि मग त्याचा ठोका चुकला.

बाई थांबल्या. मान वळवली नाही. काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात खाली सोडला आणि मागून पुढे, कोपर न वाकवता, सावकाश अर्धवर्तुळात हलवला.

रस्ता मोकळा होता. मी त्यांच्या उजव्या बाजूने पुढे निघून गेलो.